एका ठेक्यात अडकलेलं जाळं

१. बटण दाबल्यावर हात थांबतो, तो कसा?

डीबीएसची, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनची, ओळख आता बहुतेकांना फोनवर आलेल्या एखाद्या व्हिडिओतून होते. पार्किन्सन्सचा रुग्ण खुर्चीत बसलेला असतो. यंत्र बंद आहे, हात जोरात थरथरतोय, पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मं पाणी सांडतं. मग यंत्र सुरू होतं आणि काही सेकंदांत तोच हात पेला नीट उचलतो. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पाठोपाठ प्रश्न येतात. रोग गेला का? मेलेल्या पेशी विजेने जिवंत झाल्या का? यंत्र बंद केल्यावर थरथर परत का येते? आणि मेंदूतल्या एवढ्याशा जागी वीज दिल्याने हात, पाय, चेहरा, चाल हे सगळं कसं बदलतं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका ओळीत देता येतात. रोग जात नाही आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी हे प्रकरण आहे. शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. पार्किन्सन्समध्ये हालचालींचं जे बिघडतं ते एका जागेपुरतं नसतं, अनेक केंद्रांच्या जाळ्याचं असतं, आणि डीबीएसने बदलतं ते हे जाळंच.

आधी यंत्र पाहू. डीबीएस म्हणजे मेंदूच्या खोल भागात विजेची सूक्ष्म स्पंदनं देणं. कवटीला छोटं छिद्र पाडून एक बारीक तार आत सोडतात. नेहमीच्या वापरातल्या तारेचा व्यास १.२७ मिलिमीटर असतो आणि तिच्या टोकाशी धातूची चार किंवा अधिक कडी असतात. वीज देतात ती या कड्यांतून. दुसरी तार कातडीखालून, कानामागून छातीपर्यंत येते आणि तिथे बॅटरीचं यंत्र बसवलेलं असतं. रुग्णमंडळी त्याला ‘मेंदूचा पेसमेकर’ म्हणतात. बहुतेकांना मेंदूच्या दोन्ही बाजूंना तार बसवावी लागते, कारण डाव्या बाजूचं जाळं उजवं अंग चालवतं आणि उजव्या बाजूचं डावं.

२. काळसर पेशी आणि एक रसायन

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा माणसांच्या निरीक्षणांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यातले काहीजण त्यांना रस्त्यात दिसलेले होते. मेंदूत नेमकं काय कमी होतं, हे कळायला मात्र आणखी सुमारे दीडशे वर्षं गेली.

मेंदूच्या बुंध्याजवळ काळसर पेशींचा एक पट्टा आहे, सबस्टॅन्शिया नायग्रा. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंवाटे ते वर पोचवतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. रेसरपिन हे आपल्या सर्पगंधेच्या मुळांतून मिळणारं औषध. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं आणि ते थोड्याच वेळात हिंडू-फिरू लागले. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या ओलेह होर्निकिविझ यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांच्या मेंदूत डोपामिन फार कमी झाल्याचं दाखवलं आणि दुवा जुळला.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. कंपवातासाठी, म्हणजे पार्किन्सन्ससाठी, आयुर्वेदात वापरतात त्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतं आणि दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच मद्रासमध्ये ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं. या द्रव्याचा कंपवाताशी काय संबंध आहे, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

लेव्होडोपाची गोळी आजही पहिला आणि सर्वांत भरवशाचा उपाय आहे. काही वर्षांनी अडचण येते. गोळीचा असर लवकर उतरू लागतो. रुग्णांच्या भाषेत ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ सुरू होतं: गोळी चढली की ऑन, उतरली की ऑफ. ऑनमध्ये कधी अंग आपोआप वळवळतं, ऑफमध्ये पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दिवसाचं वेळापत्रक घड्याळ ठरवत नाही, गोळी ठरवते. डीबीएसचा विचार सहसा याच टप्प्यावर सुरू होतो.

३. दाबणाऱ्याला दाबणं

आता जाळ्याकडे वळू. नावं थोडी अवघड आहेत, म्हणून कामं आधी पाहू.

समोर चहाचा कप आहे आणि तो उचलायचाय. ही योजना मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये तयार होते. पण ती थेट हाताकडे जाऊन काम संपत नाही. कॉर्टेक्स तिची खबर मेंदूच्या गाभ्यातल्या काही केंद्रांना देतं. या केंद्रांना मिळून बेसल गँग्लिया म्हणतात. तिथून संदेश थॅलॅमसकडे जातो आणि थॅलॅमसकडून परत कॉर्टेक्सकडे येतो. असा हा गोल फेरा सतत चालू असतो.

या फेऱ्यातली गंमत अशी, की बेसल गँग्लियाचं शेवटचं केंद्र, ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग, थॅलॅमसला एरवी दाबूनच ठेवतं. आपण स्वस्थ बसलेले असतानाही हे दाबणं चालू असतं. हालचाल व्हायची तर तेवढ्या हालचालीपुरता हा दाब उठावा लागतो. म्हणजे दाबणाऱ्याला कोणीतरी दाबावं लागतं, तेव्हा थॅलॅमस सुटतो आणि कप उचलला जातो. याच वेळी नको असलेल्या हालचालींवरचा दाब वाढावा लागतो, नाहीतर कपाबरोबर बशी, चमचा आणि शेजारचा पेपर सगळ्यांकडेच हात जाईल. पहिल्या कामासाठी एक सरळ वाट आहे, दुसऱ्यासाठी एक वळणाची. डोपामिन सरळ वाटेला जोर देतं आणि वळणाच्या वाटेला शांत ठेवतं.

वळणाच्या वाटेवर एक छोटं केंद्र लागतं. तेच या प्रकरणाचं मुख्य पात्र. त्याचं नाव सबथॅलॅमिक न्यूक्लियस, थोडक्यात एसटीएन. लांबी जेमतेम एक सेंटीमीटर, दोन्ही बाजूंनी फुगीर, आत काही लाख चेतापेशी. त्याचं काम दाबणाऱ्या केंद्राला आणखी चेतवण्याचं. डोपामिन कमी झालं की एसटीएन जास्त काम करू लागतं, दाबणारं केंद्र जास्त दाबतं, थॅलॅमस दबलेलाच राहतो. हालचाल मंद होते, लहान होते, सुरूच होत नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णाला कप उचलावासा वाटत नाही असं नसतं. इच्छा शाबूत असते, अडतं ते पुढे.

४. ग्रेनोबल, १९८७

फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे अलिम-लुई बेनाबिद हे न्यूरोसर्जन कंपाच्या रुग्णांवर त्या काळची रूढ शस्त्रक्रिया करत. थॅलॅमसमधला एक छोटा भाग उष्णतेने नष्ट करायचा, म्हणजे कंप थांबतो. रुग्ण जागा असतो, आणि नष्ट करण्याआधी जागा बरोबर आहे ना हे पाहायला तिथे वीज देऊन बघतात. बेनाबिद यांच्या लक्षात आलं, की सेकंदाला थोडी स्पंदनं दिली तर कंपावर काही परिणाम होत नाही, कधी तो वाढतोही. पण सेकंदाला शंभराच्या आसपास दिली की तो थांबतो. वीज बंद केली की परत येतो. मग जागा जाळायचीच कशाला? तार तिथेच ठेवावी आणि वीज चालू राहू द्यावी. न्यूरॉलॉजिस्ट पिएर पोलाक यांच्यासह त्यांनी हे काम १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं.

याच दशकात अमेरिकेत वेगळीच घटना घडली. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाज अचानक पुतळ्यासारखे ताठ झाले. त्यांनी घेतलेल्या बनावट मादक द्रव्यात एमपीटीपी नावाचा पदार्थ होता आणि त्याने सबस्टॅन्शिया नायग्रातल्या नेमक्या त्याच पेशी मारल्या होत्या. विल्यम लँगस्टन यांनी हे ओळखलं. त्या तरुणांची शोकांतिका झाली, पण संशोधकांना पार्किन्सन्सचा नमुना प्राण्यांत तयार करता येऊ लागला. हॅगाइ बर्गमन, थॉमस विकमन आणि मेहलॉन डीलाँग यांनी १९९० मध्ये अशा माकडांच्या मेंदूतलं एसटीएन निकामी केलं. ताठरलेली माकडं पुन्हा हालू लागली.

माणसांत मात्र एसटीएन नष्ट करायला सर्जन कचरत, कारण तिथे इजा झाली तर हात-पाय बेफाम फेकले जातात हे माहीत होतं. बेनाबिद यांची पद्धत इथे उपयोगी पडली, कारण वीज केव्हाही बंद करता येते. १९९३ मध्ये ग्रेनोबलमध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या एसटीएनमध्ये पहिली तार बसली. आज जगभरात दीड लाखांहून अधिक लोकांना डीबीएस बसवलेलं आहे. भारतात मुंबईसह अनेक शहरांत ही शस्त्रक्रिया होते.

५. अंदाज जिथे चुकला

इथवरचं चित्र सुबक आहे. एसटीएन जास्त काम करतं, विजेने त्याला गप्प केलं, संपलं. अनेक ठिकाणी डीबीएसची माहिती इथेच थांबते. मला ते अपुरं वाटतं, कारण हे चित्र खरं असतं तर दोन गोष्टी घडायला हव्या होत्या आणि त्या घडत नाहीत.

दाबणारं केंद्र, म्हणजे पॅलिडसचा आतला भाग, नष्ट केलं तर दाब कायमचा उठेल आणि अंगाची वळवळ वाढेल, असं हे चित्र सांगतं. प्रत्यक्षात त्या शस्त्रक्रियेने वळवळ कमी होते. थॅलॅमसचा भाग नष्ट केला तर हालचाल आणखी मंद व्हायला हवी. तीही होत नाही. तेव्हा कोणतं केंद्र किती जोरात काम करतंय, एवढंच मोजून भागणार नाही. ती कोणत्या लयीत काम करताहेत, हेही पाहावं लागतं.

६. ठेका

ही लय ऐकण्याची संधी शस्त्रक्रियेनेच दिली. तार बसवल्यावर बॅटरी जोडण्याआधी काही दिवस तिचं टोक बाहेर ठेवता येतं. त्या दिवसांत तीच तार उलट कामाला लावता येते: वीज द्यायच्या ऐवजी एसटीएनमधली वीज टिपायची. लंडनमध्ये पीटर ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. गोळी उतरलेली असताना एसटीएनमध्ये सेकंदाला सुमारे १३ ते ३० वेळा उसळणारी एक ठळक लाट दिसली. तिला बीटा लय म्हणतात. लेव्होडोपा दिलं की ही लाट ओसरते. पुढे दिसलं, की डीबीएस सुरू केल्यावरही ती ओसरते. ज्याची लाट औषधाने जास्त ओसरते त्याची ताठरता आणि मंदपणाही जास्त कमी होतो.

बीटा लय ही मुळात वाईट नाही. आपण एखादी पोझ धरून स्थिर राहतो तेव्हा निरोगी मेंदूतही ती वाढते आणि हालचाल सुरू व्हायच्या क्षणभर आधी मावळते. ‘आहे तसं राहू दे’ असा तिचा अर्थ लावता येईल. पार्किन्सन्समध्ये ती मावळतच नाही, किंवा तिचे झटके लांबतात. शिवाय ती एकट्या एसटीएनमध्ये नसते. पॅलिडस आणि हालचालींचं कॉर्टेक्सही त्याच ठेक्यात ओढलं जातं.

एकच ठेका धरल्याने नुकसान काय, हे गणपतीच्या आरतीवरून कळेल. आरतीआधी खोलीत पन्नास माणसं बोलत असतात. कोणी कापूर मागतं, कोणी मुलाला पुढे बोलावतं, कोणी ताटाबद्दल विचारतं. गोंगाट असतो, पण प्रत्येक निरोप पोचतो. आरती सुरू झाली, सगळ्यांच्या टाळ्या एका ठेक्यात पडू लागल्या, की आवाज वाढतो आणि निरोप थांबतात. कापूर हवाय हे सांगायला टाळी सोडून कोणाच्या तरी कानाशी जावं लागतं. चेतापेशींचंही असंच आहे. प्रत्येक पेशी आपल्या वेळेला चेतते तेव्हा तिच्या चेतण्याला अर्थ असतो. सगळ्या एकदम चेतू लागल्या की आवाज मोठा होतो आणि त्यातून सांगता येण्यासारखं फार थोडं उरतं. आरती पाच-दहा मिनिटांत संपते. पार्किन्सन्समध्ये गोळी उतरली की ती संपत नाही.

डीबीएस हा ठेका मोडतं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फिलिप स्टार यांच्या गटाने शस्त्रक्रियेच्या वेळी कॉर्टेक्सच्या पृष्ठभागावरून नोंदी घेतल्या. कॉर्टेक्समधल्या जलद लहरी पार्किन्सन्समध्ये बीटाच्या ठेक्याला जखडलेल्या दिसल्या, आणि खाली एसटीएनमध्ये वीज सुरू केल्यावर हे जखडणं सैल झालं. वीज दिली खोलवर, सुटका झाली वरच्या थरात.

७. एका सेकंदाचा हिशोब

ही वीज असते तरी किती? नेहमीची मांडणी अशी: सेकंदाला १३० स्पंदनं, प्रत्येक स्पंदन ६० मायक्रोसेकंदांचं. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. १३० गुणिले ६० म्हणजे ७,८०० मायक्रोसेकंद. म्हणजे एका सेकंदात मुख्य स्पंदनाची वीज वाहते ती एक टक्क्याहून कमी वेळ, बाकी वेळ शांतता. दिवसाचा हिशोब मात्र मोठा आहे: १३० गुणिले ८६,४०० सेकंद म्हणजे १ कोटी १२ लाखांहून अधिक स्पंदनं.

आता हे बीटाशी ताडून पाहू. सेकंदाला २० वेळा येणाऱ्या लाटेची एक उसळी ५० मिलिसेकंदांची. डीबीएसचं स्पंदन दर साडेसात-पावणेआठ मिलिसेकंदांनी येतं. म्हणजे एका उसळीत सहा-सात स्पंदनं. पेशींना एकत्र येऊन लाट उभी करायला जी मोकळी फट लागते, ती सापडतच नाही. त्याउलट सेकंदाला वीसच्या आसपास स्पंदनं दिली तर ठेक्याला साथच मिळते आणि काही रुग्णांचा मंदपणा वाढतो. बेनाबिद यांना दिसलेला शंभराचा उंबरठा इथे समजू लागतो.

आणखी एक गोष्ट. तारेजवळ पेशींची शरीरं असतात आणि तिथून जाणारे तंतूही असतात. या जातीच्या विजेने तंतू अधिक सहज चेततात. म्हणून पेशीचं शरीर गप्प झालं तरी तिच्या तंतूतून ठरावीक, एकसुरी संदेश पुढे जात राहतो. पॅलिडसमधल्या पेशी त्यामुळे जास्त नियमित चेतू लागतात. कॉर्टेक्समधून थेट एसटीएनकडे येणारा एक जलद मार्ग आहे. त्याचे तंतू चेतले की संदेश उलट्या दिशेने वर कॉर्टेक्सपर्यंत जातो. स्टॅनफर्डमध्ये कार्ल डायसेरॉथ यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्राण्यांत प्रकाशाने पेशी चालू-बंद करून पाहिलं. नुसत्या एसटीएनच्या पेशी दाबल्या तर हालचाल सुधारली नाही. कॉर्टेक्समधून येणारे तंतू जलद गतीने चेतवले तेव्हा सुधारली. माझ्या दृष्टीने सगळ्या कथेतला हा सर्वांत बोलका पुरावा आहे: औषधासारखं काम केलं ते केंद्राने नाही, तिथे येणाऱ्या जोडणीने.

जाळ्यातल्या सगळ्या जोडण्या एकाच गतीने बदलत नाहीत. कंप सेकंदांत थांबतो, ताठरता लवकर सैल होते, मंदपणा सुधारायला जास्त वेळ लागतो, चाल आणि तोल यांना तास किंवा दिवसही लागतात. यंत्र बंद केल्यावरही कंप काही मिनिटांत परततो, तर चालीचा त्रास पूर्ण परतायला तीन-चार तास लागू शकतात. म्हणून यंत्राचे आकडे जुळवण्याच्या, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या दिवशी डॉक्टरांनी आकडा बदलल्यावर लगेच निकाल लावू नये. घरी जाऊन दोन दिवस चालून पाहणं हाही तपासणीचाच भाग आहे.

८. दोन मिलिमीटर

एसटीएनचा एक भाग हालचालींच्या कॉर्टेक्सला जोडलेला आहे, दुसरा विचार आणि निर्णयांच्या भागांना, तिसरा भावनांच्या. आणि हे सगळं एका सेंटीमीटरच्या आत.

१९९९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी एका ६५ वर्षांच्या बाईंची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांना नैराश्याचा पूर्वेतिहास नव्हता. तारेचं जे कडं उपयोगी ठरत होतं त्याच्या दोन मिलिमीटर खालचं कडं सुरू केल्यावर काही सेकंदांतच त्या ढसाढसा रडू लागल्या, जगण्यात काही अर्थ नाही असं म्हणू लागल्या. वीज बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत त्या पूर्ववत झाल्या. मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. दोन्ही पर्याय सारखेच आकर्षक असले की माणूस एरवी थोडा थांबतो. एसटीएनचं डीबीएस चालू असताना रुग्ण तिथे थांबत नव्हते, उलट घाईने निवडत होते. ‘थांब’ म्हणणं हेही एसटीएनचं काम आहे आणि ते हातापुरतं नाही.

म्हणून घरच्यांना, रुग्णाची काळजी घेणाऱ्या शुभंकरांना, मी कळकळीने सांगेन: यंत्र बसवल्यानंतर खर्चाची अवाजवी हौस, चिडचिड, एकाएकी आलेली उदासी किंवा अडखळतं बोलणं दिसलं तर तो स्वभाव समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा. बरेचदा कडं बदलून किंवा विजेची दिशा बदलून फरक पडतो.

तार कुठे आहे यापेक्षा ती कोणाला जोडलेली आहे, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. अँड्रियास हॉर्न आणि मायकेल फॉक्स यांनी २०१७ मध्ये ९५ रुग्णांच्या तारांच्या जागा मेंदूच्या जोडण्यांच्या नकाशावर ठेवून पाहिल्या. ज्यांची तार हालचालींची आखणी करणाऱ्या कॉर्टेक्सच्या भागाशी जास्त जोडलेली होती, त्यांना जास्त फायदा झाला होता.

९. ऐकणारं यंत्र

बीटा लाट हेच अडकण्याचं चिन्ह असेल, तर वीज अहोरात्र का द्यायची? लाट चढेल तेव्हा द्यावी, उतरली की कमी करावी. ब्राउन यांच्या गटाने २०१३ मध्ये आठ रुग्णांवर हे करून पाहिलं. वीज देण्याचा वेळ निम्म्याहून कमी झाला आणि हालचाल सततच्या विजेपेक्षा चांगली राहिली. आता एकाच तारेने ऐकणारी आणि वीजही देणारी यंत्रं आली आहेत, आणि बीटावरून वीज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

१०. आधी गोळीची परीक्षा

शस्त्रक्रियेआधी रुग्णाला रात्रभर औषध बंद ठेवून सकाळी तपासतात. मग लेव्होडोपाचा भरपूर डोस देऊन पुन्हा तपासतात. अनेकांना ही सकाळ फार कठीण जाते आणि ‘हा छळ कशासाठी’ असं वाटतं. पण ती परीक्षा जाळ्याचीच आहे. गोळीने ते काही तासांपुरतं ठेक्यातून सुटत असेल, तर विजेनेही सुटण्याची शक्यता मोठी. गोळी चढलेली असतानाही जो तोल जातो, जे पाय अडतात, जी स्मरणशक्ती ढासळते, ते सहसा या फेऱ्याबाहेरच्या बिघाडामुळे असतं आणि एसटीएनमधली तार तिथवर पोचत नाही. कंप हा मुख्य अपवाद. त्याच्या जाळ्यात लहान मेंदूही सामील असतो, म्हणून गोळीला दाद न देणारा कंपही डीबीएसने थांबू शकतो. शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. रक्तस्राव शंभरात एक-दोघांना होतो. गोळीच्या परीक्षेच्या सकाळचे दोन्ही आकडे, गोळीआधीचा आणि गोळीनंतरचा, डॉक्टरांकडून मागून घ्यावेत, त्यांतल्या कोणत्या लक्षणात फरक पडला ते विचारावं, आणि निर्णय त्यावर घ्यावा.